गाडीआधी घर मोजा

चारचाकी घेणे ही आपल्याकडे अजूनही एकट्याची गोष्ट होत नाही. घरात नुसता विषय निघाला, की शेजारी, मेहुणे, कचेरीतले सहकारी, सगळ्यांची मते तयार असतात. ‘तिचे पार्ट महाग पडतात’, ‘हिचा पिकअप बघा’, ‘आमच्या साडूंनी घेतली आणि पस्तावले.’ मते प्रेमाने दिलेली असतात, त्यात शंका नाही. पण मत देणाऱ्याच्या घरात माणसे किती, वर्षाला त्याचे फिरणे किती, गाडी तो किती वर्षे ठेवणार, हे सगळे वेगळे असते. त्याच्या घराच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घराला लागू पडेलच असे नाही.

आमच्या घरात हा विषय काही महिने चालला. मिरजेत आम्ही चौघे: अठ्ठ्याहत्तर वर्षांची अम्मी, पत्नी, शिकणारी मुलगी आणि मी. मुलगा पुण्यात नोकरीला. पाच माणसे एकत्र बसतील, अम्मीला त्रास होणार नाही आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडावी लागणार नाही, अशी गाडी हवी होती. मुलाच्या मनात मध्यम आकाराची सेडान होती. मी बी.ए.ला मराठी घेतलेला, कविता लिहिणारा माणूस. शब्दांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे विशेषण दिसले की मी जरा थांबतो. शोरूममधून आणलेल्या रंगीत माहितीपत्रकांतली ‘आलिशान’, ‘दमदार’, ‘ऐसपैस’ ही सगळी विशेषणे मी पेन्सिलीने खोडली. उरले ते आकडे. मग प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायचा: तू कोणत्या परिस्थितीत खरा आहेस, आणि आमच्या घरात कोणाच्या उपयोगाचा आहेस?

आधी या वर्गाची ओळख करून घेऊ. सेडान म्हणजे तीन खोक्यांची गाडी. पुढे इंजिनाचे खोके, मध्ये माणसांचे, मागे सामानाचे, म्हणजे डिकीचे. आपल्या पिढीने पाहिलेली अॅम्बेसेडर आणि पद्मिनी याच घडणीच्या. १९९० मध्ये मारुती १००० आली, १९९८ मध्ये होंडा सिटी आली आणि ‘डिकीवाली गाडी’ ही मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेची खूण झाली. पुढे उंच गाड्यांची लाट आली आणि सेडानचे गिऱ्हाईक आटत गेले. मारुतीची सियाझ २०२५ मध्ये बंद झाली. २०२२-२३ नंतरच्या बाजारात या वर्गात मुख्यतः चार नावे ऐकू येतात: होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस. यांतल्या शेवटच्या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. दोन्ही पुण्याजवळ चाकणला तयार होतात, दोघींचा सांगाडा एक, इंजिने एक. त्यामुळे त्या दोघींत निवड करताना इंजिनावर वाद घालण्यात अर्थ नाही. आसन कोणते बरे वाटते आणि आपल्या गावाजवळ सर्व्हिसिंगची सोय कोणाची आहे, एवढेच पाहायचे.

पण या चौघींची आपसांत तुलना करण्याआधी एक पायरी असते आणि ती बहुतेक जण गाळतात. चार मीटरच्या आतल्या लहान सेडानशी यांची तुलना करायला हवी. याचे कारण कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांब आणि १२०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के. त्याआधी अधिभार धरून लहान गाडीला २९ टक्के आणि १५०० सीसीपर्यंतच्या मध्यम सेडानला ४५ टक्के पडत होते. दोघींचाही कर उतरला, पण दोघींमधले अंतर सोळा टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर गेले. कारखान्यातून ९ लाखांना निघालेली मध्यम सेडान करासकट १२ लाख ६० हजारांची होते. तीच गाडी १८ टक्क्यांच्या खान्यात बसली असती तर १० लाख ६२ हजारांत पडली असती. वर राज्याचा रस्ता कर पुन्हा किमतीच्या टक्केवारीत, म्हणजे करावरही कर.

मध्यम सेडान साडेचार मीटरच्या आसपास लांब असते. म्हणजे आपण जास्तीचे पैसे मोजतो ते अर्ध्या मीटरसाठी. हा अर्धा मीटर जातो कुठे? पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर पाहिले की उत्तर मिळते. मारुती डिझायरमध्ये ते २४५० मिलिमीटर आहे, पाचव्या पिढीच्या सिटीत २६००, स्लाव्हियात २६५१ आणि २०२३ च्या व्हर्नात २६७०. ही जास्तीची वीत मुख्यतः मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळते. उरलेली लांबी डिकीत जाते. २०२४ च्या डिझायरची डिकी ३८२ लिटरची, तर सिटीची ५०६, स्लाव्हियाची ५२१ आणि व्हर्नाची ५२८. मागे बसणारे कोणी नसेल आणि सामान दोन बॅगांपुरतेच असेल, तर त्या अर्ध्या मीटरचे पैसे कशासाठी द्यायचे, हे स्वतःला विचारावे. आमच्याकडे मागे बसणारी माणसे तीन, त्यातले एक गुडघ्यांनी थकलेले. त्यामुळे आमच्यापुरते उत्तर मोठ्या गाडीकडे झुकले.

डिकीच्या लिटरबद्दल एक सांगायला हवे. आमच्या मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे. तिथला माझा एक मित्र गाडी पाहायला गेला, की लिटर विचारत नाही, तानपुरा आत जाईल का एवढेच विचारतो. त्याचे बरोबर आहे. लिटरचा आकडा पोटात किती मावते ते सांगतो, तोंड किती मोठे ते सांगत नाही. सेडानच्या डिकीचे पोट मोठे आणि तोंड अरुंद असते. घरात घडीची चाकाची खुर्ची असेल, बाळाची गाडी असेल, दुकानाचे खोके न्यायचे असेल, तर ती वस्तू सोबत नेऊन डिकीत घालून पाहावी. शोरूमवाले थोडे चकित होतील, होऊ द्यावेत.

आता माणसांचे पाहू. अम्मीला आम्ही दोन शोरूममध्ये घेऊन गेलो. सेडानचे आसन खाली असते. पहिल्याच गाडीत बसून बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘यात बसायला उतरावं लागतं आणि उतरायला चढावं लागतं.’ माहितीपत्रकातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा हे वाक्य नेमके होते. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्या माणसाला उंच गाडीचे आसन सोपे जाते, कारण ते जवळजवळ खुर्चीच्या उंचीवर असते. हा सेडानचा खरा उणेपणा आहे. मात्र तिच्याच बाजूने दुसरी गोष्ट आहे. वजन जमिनीजवळ असल्यामुळे वळणावर ती कमी डोलते. रत्नागिरीला बहिणीकडे जाताना आंबा घाटात अम्मीला उंच गाडीत हमखास मळमळते, सेडानमध्ये तितके होत नाही. म्हणजे चढउताराचा त्रास दिवसातून दोनदा दोन मिनिटे, घाटाचा त्रास तासभर. कोणता जड, हे तिलाच विचारले. तिने घाट जड म्हणून सांगितले. आमच्या निवडीचा सर्वांत मोठा निर्णय असा एका म्हाताऱ्या माणसाने दिला. तुमच्या घरी उत्तर उलटे येऊ शकेल.

मागच्या आसनाची परीक्षा कशी करावी? पुढचे आसन घरात जो सर्वांत उंच आहे त्याच्या बेताने मागे सरकवावे आणि मग त्याच्यामागे बसावे. मांड्यांना आधार मिळतो का, छपराचा उतार डोक्याला लागतो का, हे पाहावे. मधल्या जागी कोणालातरी खरोखर बसवावे, कारण तिथे पायाखाली उंचवटा असतो आणि पाठही कडक असते. पाच जण बसलेले असतानाच एखाद्या दांडग्या स्पीडब्रेकरवरून गाडी न्यावी. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांच्या पोटाखालच्या जागेत फरक पडतो. माहितीपत्रकातली जमिनीपासूनची उंची बहुधा रिकाम्या गाडीची असते. स्लाव्हियाची १७९ मिलिमीटर सांगितली गेली ती तशीच. गल्लीचे तोंड आणि फाटकही मोजून घ्यावे. साडेचार मीटरची गाडी जुन्या पेठेत वळवणे ही रोजची कसरत होऊ शकते.

इंजिनाकडे वळू. २०२३ च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि या वर्गातले डिझेल इंजिन संपले. आता निवड दोन प्रकारच्या पेट्रोल इंजिनांत आहे. एक साधे दीड लिटरचे, दुसरे टर्बोचे, म्हणजे हवा दाबून आत भरणारे. गिऱ्हाईक बहुधा ताकदीचा आकडा पाहते. सिटीचे दीड लिटरचे इंजिन १२१ पीएसचे, स्लाव्हियाचे एक लिटरचे टर्बो ११५ पीएसचे. म्हणजे सिटी पुढे. पण घाटात कामाला येतो तो टॉर्क, चाके फिरवणारा जोर. सिटीत तो १४५ न्यूटन मीटर आहे आणि पूर्ण मिळायला इंजिन मिनिटाला ४३०० फेऱ्यांपर्यंत फिरवावे लागते. स्लाव्हियाच्या लहान टर्बोत तो १७८ आहे आणि १७५० फेऱ्यांपासूनच मिळतो. पाच माणसे, भरलेली डिकी आणि एसी चालू, अशा अवस्थेत चढावर हा फरक पायाला कळतो. उलट बाजूही ऐका. त्या लहान टर्बोला तीन सिलिंडर आहेत, त्यामुळे थांबलेल्या गाडीत थोडी थरथर जाणवते. चार सिलिंडरांचे साधे इंजिन गावात संथ चालवायला मऊ असते. ज्याचे फिरणे बहुतेक गावातच आहे त्याने टर्बोचे जास्तीचे पैसे विचार करून द्यावेत.

क्लचविना चालणाऱ्या गाड्यांना आपण सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो, पण आत तीन वेगळ्या रचना असतात. सिटीत आणि साध्या इंजिनाच्या व्हर्नात सीव्हीटी आहे. त्यात ठरावीक दात्यांच्या गिअरऐवजी सरकत्या पुलींची जोडी असते. गर्दीत ती अतिशय सुखाची, पण जोरात पाय दाबला की आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. स्लाव्हिया-व्हर्टसच्या एक लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर या जुन्या, परिचित पद्धतीचा सहा गिअरचा संच दिला गेला. मोठ्या टर्बो इंजिनांना दोन क्लचचा सात गिअरचा संच आहे. तो झटपट बदलतो, पण रांगणाऱ्या वाहतुकीत त्याचे वागणे नीट तपासावे आणि दुरुस्तीचा खर्चही आधी विचारावा. म्हणून टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या बायपासवर घेऊ नका. संध्याकाळी सहाला बाजारपेठेतून घ्या, आणि एक चढ बघून घ्या.

आता सर्वांचा आवडता विषय, अॅव्हरेज. जाहिरातीत जो आकडा येतो तो रस्त्यावरचा नसतो. आपल्या पुण्यातच, कोथरूडच्या बाजूला टेकडीवर ‘एआरएआय’ ही वाहन संशोधन संस्था आहे. अशा प्रयोगशाळेत गाडी रुळांवर उभी करून, ठरवून दिलेल्या वेगाच्या तक्त्यानुसार ती चालवली जाते. वर्षानुवर्षे हा आकडा एसी बंद ठेवून काढला गेला. त्या तक्त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. खड्डे नाहीत, चढ नाही, मागे बसलेली मंडळी नाहीत. या आकड्याला खोटा म्हणायचे कारण नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या आहेत, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो चालतो, महिन्याच्या पेट्रोलचा अंदाज बांधायला चालत नाही.

त्यापेक्षा आपले वर्ष मोजावे. आम्ही मोजले. गावात रोजचे सात-आठ किलोमीटर, वर्षाला सुमारे २४०० झाले. पुण्याच्या दहा फेऱ्या, ४८००. रत्नागिरीच्या तीन, हजाराच्या आसपास. किरकोळ लग्नकार्ये आणि दवाखाने धरून वर्षाला नऊ हजार किलोमीटर भरले. हा एक आकडा हाती आला की कितीतरी वाद आपोआप मिटतात. उदाहरणार्थ हायब्रिड. सिटीचा हायब्रिड प्रकार मे २०२२ मध्ये आला तेव्हा त्याचे अॅव्हरेज २६.५ सांगितले होते. साध्या सीव्हीटी सिटीचे १८.४ होते. कागदावरचे हेच आकडे घेऊ, पेट्रोल सोयीसाठी शंभर रुपये लिटर धरू. नऊ हजार किलोमीटरला वर्षाकाठी सुमारे दीडशे लिटर वाचतात, म्हणजे पंधरा हजार रुपये. हायब्रिडला तीन लाख जास्त मोजले असे मानले, तर ते वसूल व्हायला वीस वर्षे लागतील. वर्षाला २५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याला तेच पैसे सात-सव्वासात वर्षांत सुटतात. गाडी तीच, पण एकाला महाग आणि दुसऱ्याला परवडणारी. शिवाय बॅटरीने डिकीतली जागा घेतल्यामुळे ५०६ लिटरची डिकी ३०६ वर आली, हेही लक्षात ठेवायचे.

सुरक्षिततेच्या बाबतीत आता तारे मोजण्याची सवय लागली आहे, आणि ती चांगली आहे. स्लाव्हिया आणि व्हर्टस यांना एप्रिल २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले, व्हर्नाला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाच. पण तारे मोजून थांबू नये, अहवालाचे पुढचे पानही वाचावे. मोठ्या माणसांच्या संरक्षणात पहिल्या दोघींचे गुण ३४ पैकी २९.७१ होते, व्हर्नाचे २८.१८. मुलांच्या संरक्षणात तिघींचे ४९ पैकी ४२. त्याच अहवालांत पहिल्या दोघींचा सांगाडा स्थिर आणि व्हर्नाचा अस्थिर असे नोंदवले आहे. पाच तारे सारखेच दिसतात, आतला तपशील असा वेगळा असतो. लहान सेडानबद्दलचा जुना समजही तपासून घ्यावा, कारण नव्या डिझायरला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये याच संस्थेने पाच तारे दिले. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची ‘भारत एनकॅप’ चाचणीही सुरू झाली आहे. तारे मिळालेल्या गाडीचे वर्ष आणि प्रकार कोणता, त्यात एअरबॅग किती होत्या आणि आपण घेत असलेल्या प्रकारात किती आहेत, हे विचारून घ्यावे. आणि तारे कितीही असोत, मागच्या माणसांनीही पट्टा लावायलाच हवा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते एका महागड्या आलिशान गाडीत, मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागच्या मधल्या जागेलाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, हे पाहूनच पुढे जावे.

आता पैशाचा भाग. शोरूमच्या बाहेर लावलेली किंमत आणि गाडी घरी येईपर्यंतची किंमत यांत मोठी दरी असते. १३ लाखांची पेट्रोल गाडी घेऊ. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या दरम्यानच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १२ टक्के रस्ता कर, म्हणजे १ लाख ५६ हजार. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, तेरा हजार. तो प्राप्तिकराच्या विवरणात परत मागता येतो, पण आधी भरावा लागतो. विमा, नोंदणी वगैरे साठेक हजार धरले, तर गाडी सव्वापंधरा लाखांच्या पुढे जाते. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा नियम नाही. बाहेरून भाव काढावा, आणि ‘हँडलिंग’ सारख्या मोघम नावाची रक्कम दिसली तर ती कशाची, हे लेखी मागावे.

यातले ११ लाख कर्ज काढले आणि व्याज ९ टक्के धरले, तर पाच वर्षांचा हप्ता २२,८३४ रुपये येतो. सात वर्षांचा १७,६९८. हप्ता पाच हजारांनी हलका झाला म्हणून माणूस खूश होतो. पण व्याज पहिल्यात २ लाख ७० हजार होते आणि दुसऱ्यात ३ लाख ८७ हजार. विक्रेता नेहमी हप्ता सांगतो. आपण एकूण बेरीज विचारावी. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षे राहिली आहेत. पेन्शनमधून गाडीचा हप्ता जावा, हे मला पटणारे नव्हते.

इथे मुलाने लीजचा पर्याय मांडला. त्याच्या कंपनीत ती सोय आहे. लीज म्हणजे भाडेकरार. आपल्या मराठीत ‘इजारा’ आणि ‘इजारदार’ हे जुने शब्द आहेत, ते याच अर्थाचे. इस्लामी अर्थव्यवहारातही भाडेकराराला इजारा म्हणतात. व्याज नको, हा अम्मीचा आयुष्यभराचा आग्रह. अब्बांनी घरातला पंखासुद्धा पैसे साठवून रोखीने आणला होता. त्यामुळे भाडे हा शब्द ऐकून तिला बरे वाटले. पण मी कागद वाचला तेव्हा दिसले, की लीज देणारी कंपनी गाडीत अडकलेल्या पैशाचा मोबदला भाड्यातच धरते. त्याला व्याज म्हणायचे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या जाणकाराला विचारून ठरवावे. खिशातून पैसे जातात, एवढे मात्र खरे.

दोन्हींची तुलना चार वर्षांसाठी अशी करून पाहा. आकडे मानलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. खरेदीत ऑन-रोड १५ लाख ३० हजार, चार वर्षांच्या कर्जाचे व्याज २ लाख १४ हजार, पुढचा विमा आणि सर्व्हिसिंग २ लाख, अशी बेरीज साडेएकोणीस लाखांच्या जवळ जाते. चार वर्षांनी गाडी साडेसात लाखांना विकली, तर खरा खर्च बारा लाख. लीजचे भाडे विमा-सर्व्हिसिंगसकट महिना ३० हजार असेल, तर ४८ महिन्यांत १४ लाख ४० हजार. वरवर लीज सुमारे अडीच लाखांनी महाग. पण लीजमध्ये सुरुवातीचे सव्वाचार लाख घालावे लागत नाहीत. ते ७ टक्क्यांनी ठेवले तर चार वर्षांत १ लाख ३० हजार देतात, म्हणजे फरक निम्म्यावर येतो. नोकरदाराला पगारातून लीजचा हप्ता गेल्याने प्राप्तिकरात सवलत मिळत असेल, तर फरक आणखी कमी होतो. गाडी पडेल भावात विकली जाण्याची चिंताही कंपनीची.

लीजच्या कागदातल्या चार ओळी मात्र भिंग लावून वाचाव्यात. वर्षाला किलोमीटरची मर्यादा किती आणि त्यापुढे दर काय. ओरखडे, पोचे यांचे पैसे परत देताना कसे लावणार. नोकरी सुटली किंवा बदलली तर मुदतीआधी करार मोडण्याचा दंड किती. आणि गाडीचे पासिंग कोणाच्या नावावर. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर नोंदलेल्या मोटारीला २० टक्के रस्ता कर पडतो. म्हणजे तेरा लाखांच्या गाडीवर व्यक्तीपेक्षा १ लाख ४ हजार जास्त, आणि तो फिरून भाड्यातच येतो. तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्या, नोकरी स्थिर असलेल्या आणि करसवलत मिळणाऱ्या माणसाला लीज सोयीची आहे. आम्हाला गाडी दहा वर्षे ठेवायची होती आणि मुलगा नोकरी बदलण्याच्या विचारात होता. त्यामुळे तो पर्याय मिटला.

मग राहिला तिसरा रस्ता, ज्याच्याकडे नवी गाडी पाहायला निघालेला माणूस सहसा पाहत नाही. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवताना पहिल्या वर्षाच्या अखेरीस १५ टक्के घसारा धरतात. दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, आणि तीन वर्षे उलटली की ४० टक्के. बाजारभाव थोडा वरखाली होतो, पण दिशा हीच. त्यात सेडानचे गिऱ्हाईक कमी झाल्यामुळे जुन्या सेडानचा भाव आणखी मऊ असतो. विकणाऱ्याला याचे दुःख, घेणाऱ्याचा तो फायदा. तीन वर्षे वापरलेली चांगली मध्यम सेडान नव्या लहान सेडानच्या आसपासच्या किमतीत मिळू शकते. खासगी गाडीचा रस्ता कर पहिल्या मालकाने एकदाच भरलेला असतो, राज्यातल्या राज्यात तो पुन्हा द्यावा लागत नाही.

जुनी घेताना सावधपणा जास्त हवा. सर्व्हिसिंगच्या नोंदी अधिकृत केंद्रातून काढून किलोमीटरशी ताडून पाहाव्यात. आपला स्वतःचा मेकॅनिक सोबत न्यावा आणि गाडी इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. पहिल्या मालकाचे कर्ज फिटले असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला घेऊन आरसी बुकावरचा बोजा उतरवलेला आहे का, थकलेले चलन आहे का, हे तपासावे. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० भरून घ्यावेत. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, हे धरूनच हिशेब करावा. बंद पडलेल्या मॉडेलची गाडी स्वस्त मिळत असेल, तर पार्ट मिळण्याची खात्री आधी सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन करावी.

आम्ही तेच केले. कोल्हापूरच्या एका पहिल्या मालकाकडून तीन वर्षांची, साध्या पेट्रोल इंजिनाची, क्लच नसलेली, सहा एअरबॅगची सेडान घेतली. पैसे मी आणि मुलाने मिळून रोख दिले. व्याज नाही म्हणून अम्मी समाधानी आहे, मुलीची ठेव जागेवर आहे. गाडीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. आमच्या घरातली माणसे, आमचे नऊ हजार किलोमीटर आणि आंबा घाट यांच्या बेरजेतून ते नाव निघाले. तुमची बेरीज निराळी असेल.

तेव्हा शोरूमला जाण्याआधी एक कोरा कागद घ्या. वर्षाचे किलोमीटर लिहा. मागे कोण बसणार, त्याचे गुडघे कसे आहेत ते लिहा. गाडी किती वर्षे ठेवणार, आणि कोणत्या पैशाला हात लावायचा नाही, ते लिहा. या चार ओळी लिहून झाल्या, की चार गाड्यांपैकी दोन आपोआप गळतात. उरलेल्या दोन्ही बहुधा चांगल्याच असतात. त्यातली मग मनाला आवडेल ती घ्या, रंगसुद्धा आपल्या आवडीचा घ्या.